पंधराव्या वर्षी ‘लहान चणीचा’ ठरलेला लेफ्ट बॅक : एका स्कॉटिश कारकिर्दीतल्या निर्णयांचा अभ्यास

खेळाडूचं नाव या प्रकरणात मुद्दाम घेतलेलं नाही. क्लब, तारखा, रकमा सगळं जाहीर आहे आणि स्कॉटिश फुटबॉल पाहणारे त्याला चार ओळींत ओळखतील. तरी नाव टाळलं, कारण नाव आलं की शेवट आधी डोळ्यांसमोर येतो आणि मधला प्रत्येक निर्णय बरोबरच होता असं वाटायला लागतं. ज्या दिवशी ते निर्णय घेतले गेले, त्या दिवशी पुढचं कुणालाच दिसत नव्हतं.

पार्श्वभूमी

जन्म मार्च १९९४, ग्लासगो. या शहरात दोन मोठे फुटबॉल क्लब; घरं सेल्टिकची असतात किंवा रेंजर्सची, आणि हा मुलगा सेल्टिकचा. लहान वयातच तो त्यांच्या युवा संघात पोचला होता. पंधराव्या वर्षी क्लबने त्याला सोडलं. कारण एकच सांगितलं जातं : चण लहान.

या कारणाकडे जरा थांबून पाहायला हवं. मुलगे झपाट्याने उंच होतात ते साधारण तेरा-चौदाव्या वर्षी, पण हे सगळ्यांचं एकाच वेळी होत नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. पंधरा वर्षांखालच्या संघात म्हणूनच एखादा मुलगा जवळजवळ पुरुष असतो आणि त्याच्या शेजारी उभा असलेला अजून पोरसवदा. चेंडूवर दोघं एकत्र धावले की काय होणार हे सांगायला नको. वर्षाच्या शेवटी जन्मलेली मुलं मागे पडतात, ही गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण स्कॉटलंडमध्ये युवा गट जानेवारी ते डिसेंबर असे मोजतात आणि हा मुलगा मार्चचा. कॅलेंडरप्रमाणे तो गटातल्या मोठ्या मुलांपैकी होता. मागे होतं ते त्याचं शरीर. जन्मतारखेचा हिशेब केला असता तरी तो सापडला नसता.

सेल्टिकने डोळे झाकून निर्णय घेतला, असं मात्र मला म्हणता येत नाही. त्याच अकादमीतून काही वर्षांनी किरन टियर्नी आला, तोही लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, आणि २०१९ मध्ये तो सुमारे अडीच कोटी पौंडांना आर्सेनलला गेला. लेफ्ट बॅक घडवायचा कसा हे त्या क्लबला कळत होतं. एका मुलाचं मूल्यमापन चुकलं, आणि ते चुकल्याचं पुढे लक्षात येईल अशी सोय क्लबात नव्हती. एकदा बाहेर पडलेल्या मुलाकडे दोन वर्षांनी परत बघायचं काम कुणाचंच नव्हतं.

प्रश्न

मोठ्या क्लबने नाकारलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला खेळत राहायला जागा कुठे मिळणार, हा पहिला प्रश्न. ती मिळाली तर किती दिवस धरून राहायची, हा दुसरा, आणि माझ्या मते जास्त अवघड. पहिल्या प्रश्नावर सगळे बोलतात. दुसऱ्यावर घराघरांत भांडणं होतात, कारण त्यात शिक्षण, पैसा आणि मुलाचं एकदाच येणारं वय अडकलेलं असतं.

पहिला टप्पा : क्वीन्स पार्क

अशा मुलासमोर साधारणपणे तीन वाटा असतात. दुसऱ्या व्यावसायिक क्लबच्या अकादमीत चाचण्या देत फिरायचं. खालच्या पातळीवर एखाद्या क्लबात नियमित खेळायचं. किंवा फुटबॉल शनिवार-रविवारपुरता ठेवून अभ्यासाला लागायचं. पहिल्या वाटेत अडचण अशी की ज्या मोजपट्टीने सेल्टिकने नाकारलं तीच मोजपट्टी पुढच्या क्लबाकडेही असते. शरीर त्याच महिन्यात तेवढंच असतं.

तो गेला क्वीन्स पार्ककडे. १८६७ मध्ये स्थापन झालेला हा स्कॉटलंडचा सर्वांत जुना क्लब. १८७२ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू याच क्लबचे होते. त्यानंतर सगळं स्कॉटिश फुटबॉल व्यावसायिक झालं, पण क्वीन्स पार्क २०१९ पर्यंत हौशी राहिला. म्हणजे खेळाडूंना पगार नाही. आणि तरीही घरचं मैदान हॅम्पडन पार्क, राष्ट्रीय संघाचं, जवळपास ५२ हजार खुर्च्यांचं. त्यातल्या काहीशे भरलेल्या असायच्या.

पगार नाही, म्हणून मोठ्या क्लबांनी नाकारलेली तरुण मुलं इथे यायची; आणि मुलं तरुण, म्हणून ती लवकर पहिल्या संघात खेळायची. अकादमीत राहिला असता तर हा मुलगा अठराव्या वर्षी आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध खेळत असता. इथे त्याच्यासमोर तिशीतले गडी होते, दिवसा दुसरं काम करून शनिवारी खेळायला येणारे, कोपर कुठे आणि कधी लावायचं हे पक्कं ठाऊक असलेले. बचावपटूला हे शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. आघाडीचा खेळाडू मुलांमध्ये खेळूनही चमकतो. बचाव करणाऱ्याला समोर खरा पुरुष लागतो, चुकलं तर गोल आणि निकाल लागतो. अकादम्यांनी या एका गोष्टीचा अजूनही पुरेसा विचार केलेला नाही असं मला वाटतं.

दुसरा टप्पा : एक वर्षाची मुदत

ऑगस्ट २०१२. वय अठरा. शाळा संपलेली, विद्यापीठाचा रस्ता उघडा, आणि क्लबकडून मिळत होता फार तर जाण्यायेण्याचा खर्च. १८ तारखेला त्याने ट्विटरवर लिहिलं की या वयात पैशाविना जगणं बेकार आहे, नोकरी हवी. ती ओळ पुढे फार गाजली आणि लोक ती कौतुकाने दाखवतात. त्या दिवशी ती खरोखर नोकरी शोधणाऱ्या मुलाची ओळ होती. मिळाली ती कामं त्याने केली : हॅम्पडनवरच फोन उचलून तिकिटांची चौकशी घेणं हे त्यातलं एक. आठवड्यात ज्या सामन्यांच्या आणि कार्यक्रमांच्या चौकशा तो फोनवर घ्यायचा, त्याच मैदानावर शनिवारी तो खेळायला उतरायचा.

पर्याय आता असे होते. एक, पूर्णवेळ शिक्षण घ्यायचं आणि फुटबॉल बाजूला ठेवायचं. दोन, शिक्षण पुढे ढकलून जमेल तितकी वर्षं फुटबॉलला द्यायची. तीन, एक हंगाम द्यायचा आणि शेवटी हिशेब करायचा. घरात तिसरा ठरला. एक वर्ष बघू, नाहीतर विद्यापीठ.

या सबंध कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. मुदत असली की आई-वडिलांना रोज उठून तोच विषय काढावा लागत नाही. मुलालाही प्रत्येक वाईट सामन्यानंतर ‘सोडू का?’ असा प्रश्न पडत नाही, कारण उत्तराची तारीख ठरलेली असते. ‘कधीतरी होईल’ म्हणत चार-पाच वर्षं काढलेली मुलं शेवटी फुटबॉललाही मुकतात आणि शिक्षणालाही. एक वर्ष वाया गेलं तर ते भरून काढता येतं.

ते वर्ष वाया गेलं नाही, आणि यात नशिबाचाही वाटा होता. त्याच उन्हाळ्यात रेंजर्स आर्थिक दिवाळखोरीत बुडाला आणि त्याला थेट चौथ्या पातळीवरून, म्हणजे तेव्हाच्या थर्ड डिव्हिजनमधून सुरुवात करावी लागली. क्वीन्स पार्क त्याच डिव्हिजनमध्ये. एरवी ज्या लीगकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं, तिथे अचानक वार्ताहर, कॅमेरे आणि इतर क्लबांचे पारखी यायला लागले. डिसेंबर २०१२ च्या अखेरीस हॅम्पडनवर रेंजर्सविरुद्धच्या सामन्याला सुमारे ३० हजार लोक होते. क्वीन्स पार्क एका गोलने हरला, पण हंगाम तिसऱ्या स्थानावर संपवला. गार्डनर स्पिअर्स तेव्हा मॅनेजर होते. त्यांनी अठरा वर्षांच्या पोराला डाव्या बाजूला उभं केलं आणि हंगामभर तिथून हलवलं नाही. लहान चणीचा मुलगा या वेळेपर्यंत वाढलाही होता. आज त्याची उंची पाच फूट दहा इंच आहे, लेफ्ट बॅकला भरपूर.

तिसरा टप्पा : डंडी युनायटेड आणि हल

जून २०१३ मध्ये डंडी युनायटेडने करार देऊ केला. मुदत संपता संपता उत्तर आलं होतं. इथेही आधीची एक पायवाट होती. युनायटेडचा लेफ्ट बॅक बॅरी डग्लस नुकताच पोलंडच्या लेख पोझनानकडे गेला होता, आणि डग्लसही क्वीन्स पार्कमधूनच आलेला. त्या क्लबने तिथून एकदा लेफ्ट बॅक उचलला होता, तो टिकला होता, म्हणून दुसऱ्यांदा तिथे बघायला त्यांना धास्ती वाटली नाही. चौथ्या पातळीवरून थेट पहिल्या पातळीवर उडी म्हणून लोक याचं नवल करतात. मला त्यात युनायटेडच्या पारखींचं काम दिसतं.

मॅनेजर जॅकी मॅक्नमारा स्वतः बचावपटू होते. त्यांनी त्याला लगेच खेळवलं. त्या संघात रायन गॉल्ड, स्टुअर्ट आर्मस्ट्राँग, जॉन साउटर अशी तरुण मुलं होती, त्यामुळे एकोणीस वर्षांचा लेफ्ट बॅक वेगळा पडला नाही. मार्च २०१४ मध्ये वॉर्सात पोलंडविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि स्कॉटलंडकडून खेळला. वर्षभरापूर्वी तो पगाराविना चौथ्या पातळीवर होता. हंगामाअखेरीस व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याला स्कॉटलंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडू निवडलं. मे महिन्यात स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात युनायटेड सेंट जॉन्स्टनकडून ०-२ असा हरला. तो सामना झाला सेल्टिक पार्कवर.

जुलै २०१४ मध्ये इंग्लंडच्या हल सिटी क्लबने त्याच्यासाठी २८ लाख ५० हजार पौंड मोजले. इथे खरा पेच होता. युनायटेडमध्ये आणखी एक वर्ष राहिलं तर पहिल्या संघातली जागा पक्की होती. हल म्हणजे प्रीमियर लीग, इंग्लंडची सर्वांत वरची पातळी, पण तळाशी झगडणारा संघ. तो गेला, आणि पहिल्याच हंगामात हल खालच्या लीगमध्ये घसरला.

बऱ्याच कारकिर्दी इथेच वाकड्या होतात. घसरलेल्या संघातला तरुण खेळाडू घाईने दुसरीकडे पळतो, तिथे बाकावर बसतो आणि दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. हा राहिला. २०१५-१६ मध्ये चँपियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवर, तो जवळपास सगळे सामने खेळला. मे २०१६ मध्ये वेम्बलीवर शेफील्ड वेन्सडेला १-० हरवून हल वर आला. त्यानंतर मॅनेजर स्टीव्ह ब्रूस हंगामाच्या तोंडावर पायउतार झाले, संघात पुरेसे खेळाडू उरले नाहीत, आणि २०१७ मध्ये हल पुन्हा घसरला. तीन वर्षांत दोन घसरणी. कागदावर वाईट दिसतं. पण सतत दबावाखाली असलेल्या संघाचा लेफ्ट बॅक दर आठवड्याला जितका बचाव करतो, तितका विजेत्या संघातला तरुण महिन्याभरातही करत नाही.

चौथा टप्पा : बाकावरचे महिने

जुलै २०१७. लिव्हरपूलने सुरुवातीला ८० लाख पौंड देऊन त्याला घेतलं. बातमी छोटी होती. पाठिराख्यांना मोठं नाव हवं होतं आणि हा दोनदा घसरलेल्या संघातून आला होता. ऑगस्टमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पहिला सामना चांगला गेला, आणि त्यानंतर तो बाहेर. डाव्या बाजूला अल्बेर्तो मोरेनो खेळत होता आणि बरा खेळत होता. युर्गन क्लॉप यांच्या संघात लेफ्ट बॅकने अर्धं मैदान वर जाऊन दबाव टाकायचा आणि चेंडू गेला की तेवढंच मागे यायचं. हलमध्ये शिकलेल्या बचावाला इथे वेगळं वळण द्यावं लागणार होतं, आणि ते सरावातच शक्य होतं.

त्याने काय करायला हवं होतं? जानेवारीत उसनवारीवर दुसरीकडे जाणं हा सोपा पर्याय दिसतो. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत स्कॉटलंड नुकताच बाद झाला होता, म्हणजे राष्ट्रीय संघासाठी तातडीने खेळत राहण्याचा दबावही नव्हता. तो थांबला. डिसेंबरच्या सुरुवातीला स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध मोरेनोला दुखापत झाली आणि जागा रिकामी झाली. या कारकिर्दीला नशिबाने तिसऱ्यांदा हात दिला होता : आधी रेंजर्सची घसरण, मग डग्लसचं जाणं, आता ही दुखापत.

१४ जानेवारी २०१८, अॅनफिल्ड, समोर त्या हंगामात लीगमध्ये एकही सामना न हरलेली मँचेस्टर सिटी. दुसऱ्या अर्धात लिव्हरपूल पुढे असताना हा लेफ्ट बॅक आपली बाजू सोडून चेंडूमागे धावत सुटला. एकाकडून दुसऱ्याकडे पास गेला, हा तिथे. तिसऱ्याकडे गेला, तिथेही. गोलरक्षकापर्यंत पोचला, आणि शेवटी फाऊल करूनच थांबला. चेंडू मिळाला नाही. तरी सगळं मैदान उठून उभं राहिलं. लिव्हरपूलने सामना ४-३ असा जिंकला आणि त्यानंतर डावी बाजू कुणाची हा प्रश्न उरला नाही. चार महिने बाकावर बसून तो काय शिकत होता, ते त्या धावेत दिसलं.

निकाल

२०१८ मध्ये कीव्हला चँपियन्स लीगचा अंतिम सामना रेआल माद्रिदविरुद्ध गमावला; २०१९ मध्ये माद्रिदमध्ये तीच स्पर्धा जिंकली. त्या वाटेवर बार्सिलोनाविरुद्धच्या ४-० च्या सामन्यात लुईस सुआरेझचा पाय लागून त्याला मध्यंतरालाच बाहेर यावं लागलं. त्याच्या जागी उतरलेल्या वायनाल्डमने दोन मिनिटांत दोन गोल केले. २०२० आणि २०२५ मध्ये लीगही जिंकली.

सप्टेंबर २०१८ मध्ये तो स्कॉटलंडचा कर्णधार झाला, आणि तिथे एक वेगळाच पेच आला. देशातले दोन सर्वोत्तम बचावपटू एकाच जागेचे : तो आणि टियर्नी. एकाला सेल्टिकने ठेवलं होतं, एकाला सोडलं होतं. प्रशिक्षक स्टीव्ह क्लार्क यांनी मागे तीन बचावपटूंची रचना आणली, टियर्नीला त्या तिघांतला डावा केलं आणि कर्णधाराला त्याच्या पुढे विंग बॅक म्हणून, म्हणजे बाजूने पुढे-मागे धावणारा म्हणून, खेळवलं. दोघांपैकी कुणाला बसवायचं हे ठरवण्याऐवजी क्लार्क यांनी रचनाच बदलली, आणि स्कॉटलंड १९९८ नंतर पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत पोचला. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेन्मार्कला ४-२ हरवून २०२६ च्या वर्ल्ड कपचीही जागा मिळाली. त्या चार गोलांपैकी एक टियर्नीचा होता. दुसरा लॉरेन्स शँकलंडचा, जो २०१२-१३ मध्ये याच कर्णधाराबरोबर क्वीन्स पार्कमध्ये खेळत होता.

वेगळं काय करता आलं असतं

‘चिकाटी ठेवली म्हणून जमलं’ असा या प्रकरणाचा अर्थ लावतात, तो मला पटत नाही. पंधराव्या वर्षी बाहेर पडलेल्या बहुतेक मुलांकडे चिकाटी असते. ती थंडीत, पावसात, पगाराविना खेळतात आणि तरी पुढे जात नाहीत. या मुलाला चिकाटीच्या जोडीला मोठ्या माणसांविरुद्ध नियमित सामने मिळाले, आणि प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा वरची पण खेळायला मिळेल इतपतच वरची होती. लिव्हरपूल सोडलं तर कुठेच तो जाऊन बाकावर बसला नाही, आणि लिव्हरपूलला गेला तोपर्यंत पाच हंगाम पुरुषांमध्ये खेळून झाले होते.

सेल्टिकच्या बाजूने पाहिलं तर पंधराव्या वर्षी सोडणं कदाचित टाळता आलं नसतं. जागा मोजक्याच असतात. पण सोडताना दोन गोष्टी करता आल्या असत्या. शरीराची वाढ कितपत झाली आहे हे मोजून ते निर्णयात धरणं. आणि सोडलेल्या उशिरा वाढणाऱ्या मुलांची यादी ठेवून सतराव्या-अठराव्या वर्षी त्यांना पुन्हा बोलावणं. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय युवा संघच काढले. इंग्लंडच्या अकादम्यांनीही वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट करून सामने खेळवून पाहिले आहेत. यातलं काहीही महागडं नाही. हॅम्पडनपासून सेल्टिक पार्क काही मैलांवर आहे आणि २०१२-१३ चा अख्खा हंगाम हा मुलगा हॅम्पडनवर खेळत होता.

घरच्यांच्या निर्णयात मला एकच फट दिसते. एक वर्षाची मुदत चांगली होती, पण वर्षाअखेरीस कशावरून ठरवायचं हे आधी लिहून ठेवलेलं बरं : किती सामने खेळला, कुठल्या क्लबने विचारणा केली, मॅनेजर काय म्हणतो. इथे करार आला म्हणून ते ठरवायची वेळच आली नाही. रेंजर्स त्या वर्षी त्या डिव्हिजनमध्ये नसता आणि जूनमध्ये कुणाचा फोन आला नसता, तर तितकाच चांगला हंगाम खेळूनही हा मुलगा सप्टेंबरमध्ये विद्यापीठात गेला असता. तो निर्णय तेव्हाच्या माहितीवर योग्यच ठरला असता, आणि आपल्याला त्याच्याबद्दल कधी कळलंही नसतं. अशी किती मुलं गेली असतील, याची नोंद कुठल्याच क्लबाकडे नाही. ती नोंद ठेवायला सुरुवात करायची असेल तर क्वीन्स पार्कसारख्या छोट्या क्लबांपासून करावी, कारण नाकारलेली मुलं आधी तिथेच जातात.